एक्केचाळीस फुल्या

याकोबराव पाटोळ्यांना घर दाखवायचं म्हणजे घराला परीक्षेला बसवायचं, असं केडगावातले एजंट एकमेकांना सांगत, आणि ते कानावर आलं की याकोबरावांना मनातून फार बरं वाटे. नागापूरच्या एमआयडीसीत तपासणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. काम एकच. खराब नग शोधायचा आणि त्यावर लाल रंगाची फुली मारायची.

"एवढ्या वर्षांत एक नट मला फसवू शकला नाही, घर काय फसवणार?" असं ते दर रविवारी चर्चमधून परतताना बायकोला सांगत.

मार्थाबाईंनी हे अकरा रविवार ऐकलं होतं. अकरा रविवारी अकरा जुनी घरं बघून झाली होती आणि अकराही नापास झाली होती. एकाची चौकट वाळवीनं पोखरलेली, एकाचा स्लॅब गळका, एकाच्या संडासाचं पाणी जातं कुठं हे खुद्द मालकालाच ठाऊक नाही. एका घरात काहीच सापडलं नाही, म्हणून याकोबरावांना संशय आला आणि तेही गेलं.

बारावं घर झुंबरबाईंचं. म्हातारी एकटी होती, लेकीकडे राहुरीला जायचं म्हणून घर विकत होती. दारात पेरू, आणि स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. मार्थाबाई त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत.

"हे घर मला हवंय," त्या म्हणाल्या.

"खिडकी बघून कुणी घर घेतं का?"

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा काय तपासलं होतं?"

याकोबरावांनी तपासणीच्या सामानाची पिशवी उघडली. तेवढ्यात झुंबरबाई म्हणाल्या, "काय बघायचं ते चारच्या आत बघा. चारला पुन्याचा बिल्डर येनार हाय. त्येला घर न्हाई, जागा पायजे. पाडूनच टाकनार हाय समदं."

मार्थाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की याकोबराव ताबडतोब कामाला लागले.

त्यांनी फरशीवर गोटी सोडली, ती घरंगळत थेट मोरीत गेली. हातोडीनं गिलावा ठोकला, जिथं पोकळ वाजला तिथं फुली. ओल दिसली, फुली. खोलीच्या कोपऱ्यात भेग, फुली. झुंबरबाईंची परवानगी घेतलेली होती. "रंग तर तुमीच देनार," असं त्या म्हणाल्या होत्या. लाल पेन मात्र कारखान्यातलं होतं, कारण दुसऱ्या पेनानं मारलेली फुली याकोबरावांना खरी वाटत नसे. आत चौतीस झाल्या. मग ते बाहेर गेले आणि रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर भेगाभेगांवर हातभर लांबीच्या सात फुल्या मारून, उतार बघायला बादली घेऊन गच्चीवर चढले.

शेजारच्या हर्षलनं भिंत पाहिली. त्याचा ओटा गल्लीत चांगला तीन फूट आलेला होता. लाल फुल्या म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"रस्तारुंदी आली," तो घरात ओरडला. "आपणच ओटा काढू, नाहीतर जेसीबी घर पण नेईल."

त्यानं पहार घेतली. त्याची पहार ऐकून समोरच्या बाईंनी आपली पत्र्याची पडवी उतरवायला काढली. पाच मिनिटांत गल्लीभर ठोकाठोक सुरू झाली. गच्चीवर पाणी ओतणाऱ्या याकोबरावांनी ती ऐकली आणि वहीत लिहिलं, "शेजारी घराची निगा राखतात. वस्ती उत्तम."

चार वाजता बिल्डरची गाडी आली. सात फुल्या दिसल्या, स्वतःचीच घरं फोडणारी माणसं दिसली, आणि गाडी काचसुद्धा खाली न करता मागच्या मागे निघून गेली.

याकोबराव खाली उतरले तेव्हा झुंबरबाई पायरीवर बसून डोळे पुसत होत्या.

"रस्तारुंदीत जानारं माजं घर आता कोन घेनार? तुमीच न्या. द्या काय द्यायचं ते."

काय झालं ते याकोबरावांच्या ध्यानात आलं. खोटं कशाला सांगायचं, अर्धा मिनिट त्यांना मोह झाला. घर जवळजवळ फुकटात पदरात पडत होतं. मग त्यांनी खिडकीतल्या मार्थाबाईंकडे पाहिलं, आणि घसा खाकरून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रस्तारुंदी वगैरे काही नाही. त्या फुल्या माझ्या आहेत."

ठोकाठोक थांबली. हर्षल पहार घेऊनच आला.

"काका, माझा ओटा?"

"कुठपर्यंत होता?"

"गटारीच्या पलीकडं."

"मग तो नापासच होता."

आधी हर्षलची बायको हसली, कारण तिची स्कूटी आजवर त्या ओट्यावर चार वेळा आपटली होती. मग गल्ली हसली. शेवटी हर्षललाही हसावं लागलं.

झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "बिल्डरला न्हाईच द्यायचं आता. आपली चूक अशी चारचौघांत सांगतो, त्यो मानूस माजं घर नीट ठेवंल. पैलं सांगितलं त्याच भावात घ्या."

"पण एक्केचाळीस दोष..." याकोबरावांनी सुरुवात केली.

"अहो," मार्थाबाई खिडकीतून म्हणाल्या.

"पास," याकोबराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या फुल्यांचा माल त्यांनी पास केला होता, आणि कधी नव्हे एवढा आनंद त्यांना झाला होता.

तीन महिने काम चाललं. गल्ली मोकळी झाल्यामुळे वाळूचा टेम्पो थेट दारात लागला. भेगा भरल्या, स्लॅबची गळती थांबली, गोटी सोडली की जागच्या जागी बसायला लागली. फक्त फुल्या गेल्या नाहीत. रंगाचे तीन हात दिले तरी त्या गुलाबी होऊन वर आल्या.

"कंपनीचा रंग हाय काका," रंगारी गोरक्षनाथ म्हणाला. "ह्यो मानसाच्या आधी जात न्हाई."

घराच्या प्रार्थनेला पाळकसाहेब आले. दिवाणखान्यात उभे राहून त्यांनी एक भिंत पाहिली, दुसरी पाहिली, आत जाऊन स्वयंपाकघर पाहिलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"याकोबभाऊ, पुष्कळ घरं पाहिली. पण भिंतीभिंतीवर क्रूस काढणारा माणूस आज पाहिला. जरा तिरके आहेत, पण केवढी ही श्रद्धा!"

मार्थाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अख्ख्या गल्लीपुढे खरं बोललेल्या याकोबरावांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "आमेन."