चिकटवलेला संगमरवर

मी एकदा बसवलेली वस्तू जन्मात हलत नाही! फुशारकी नाही हो, शिकलोय मी. कुणाकडून? मोबाईलवरच्या व्हिडिओंकडून!

मामाचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. दोन वर्षं मी तिथे नुसतं लाकूड घासतोय. परवा मामा म्हणाला, "हे काम नीट झालं तर दुरुस्तीचं टेबल तुझं. नाहीतर घासत बस!"

काम म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचं ड्रॉवरवालं इटालियन कपाट. अंगभर कोरलेली द्राक्षं, सिंहाच्या पंजांचे पाय, डोक्यावर संगमरवराचा जाड दगड. मला फक्त पुसायचं होतं. पुसताना दगड डुगडुगला. अरेच्चा! दीडशे वर्षांत कुणाच्या लक्षातच आलं नाही? घेतली चिकटवायची ट्यूब, केली रिकामी! दगड असा बसला, जसा आठवडाभर मुक्कामाला आलेला पाहुणा.

दुसऱ्या दिवशी कपाट पोचवायचं होतं. मामा पुढे गेला, गिऱ्हाईक मावशींकडे, तिसऱ्या मजल्यावर. खाली मी आणि दोन हमाल.

"दगड सुटत नाही का रे?" एक हमाल.

"छे! पक्का केलाय मी!"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. पुढेही नाही, मागेही नाही! वरून एक साहेब बॅग घेऊन आले.

"मी ऑफिसला कसा जाऊ?"

"खालून जा ना, काका."

काका सिंहाच्या पंजांमधून रांगत गेले. काय काय बोलत गेले ते इथे लिहिता येत नाही.

मामा कठड्यावरून वाकला. "अरे, दगड उतरवला का नाहीस?"

"उतरवायचा असतो?"

"सुटाच असतो तो! दगड वेगळा, कपाट वेगळं, म्हणून तर जिना चढतं! काय केलंस तू?"

मी ट्यूब दाखवली. मामा पायरीवर बसला.

मग बारीक तार मागवली. दगडाखाली घालून आम्ही दोघं करवतीसारखी ओढत होतो. अडीच तास! शेवटी दगड सुटला, कपाट वर गेलं, दगड पुन्हा डोक्यावर बसला.

मावशींनी कौतुकाने हात फिरवला आणि थबकल्या. "अहो, हा दगड डुगडुगतोय! जरा चिकटवून द्या ना!"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला. "नाही हो मावशी. असले दगड सुटेच ठेवायचे असतात."

"किती जाणकार पोरगा आहे!" मावशी मामाला म्हणाल्या.

"आहेच मुळी," मामा म्हणाला.

सध्या आठ खुर्च्या घासतोय. जाणकार!