परतीच्या बोलीवर कोंबडी

“काका, हिला घरी नेऊ?”

विचारणाऱ्या मुलीच्या काखेत एक तपकिरी कोंबडी होती, आणि ज्यांना विचारलं ते काका आयुष्यभर ग्रंथपाल होते. सगळा घोळ झाला तो इथेच. दुसऱ्या कुणीही सरळ ‘नाही’ म्हटलं असतं. पण ‘घरी नेऊ?’ या प्रश्नाला काकांनी सबंध नोकरीत एकच उत्तर दिलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही ते जिभेवर तयार बसलेलं होतं.

“ने,” काका म्हणाले. “आठवडाभर. पुढच्या रविवारी परत.”

वसाहतीच्या मागच्या मोकळ्या जागेत रहिवाशांनी मिळून चालवलेली ती शेतशाळा होती. थोडे वाफे, पाण्याची टाकी, खताचा खड्डा आणि एका कोपऱ्यात नऊ कोंबड्या व एक कोंबडा यांचं खुराडं. टोमॅटो दुकानात उगवत नाही, एवढं तरी मुलांना कळावं हा हेतू. वाफे माळीदादांकडे होते. खुराडं काकांकडे आलं, कारण त्यांच्या हातून बिघडण्यासारखं तिथे काही नाही असं समितीला वाटलं होतं.

मुलं त्यांना श्शूकाका म्हणत. दोन माणसं मोठ्याने बोलायला लागली की काकांच्या तोंडून आपोआप ‘श्शू’ निघायचं. वाचनालयातल्या शेवटच्या वर्षांत मात्र ‘श्शू’ म्हणावं असं कुणी उरलंच नव्हतं. मुलं यायची थांबली होती आणि पंख्याला श्शू म्हणून उपयोग नव्हता. इथे मुलं होती, ती ओरडत होती, आणि काका दिवसभर श्शू-श्शू करत सुखात होते. कोंबड्यासुद्धा त्यांचं ऐकायच्या. कोंबडा तेवढा ऐकत नसे.

पहिली कोंबडी धडधाकट परत आली. मग दुसऱ्या मुलाने मागितली, मग तिसऱ्याने. काकांनी नियम सांगितले: मुदत एक आठवडा. कोंबडीवर काही लिहायचं नाही. नेलेली कोंबडी न विचारता दुसऱ्याला द्यायची नाही. उशीर झाला तर दंड म्हणून एक वाफा खुरपून द्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी काय नेलं हे तिसऱ्याला कधीही सांगायचं नाही.

“का?” चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

“कुणी काय वाचायला नेलं हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. ग्रंथपालाने ते गुपित पोटात ठेवायचं.”

“कोंबडीचंसुद्धा?”

काकांनी थोडा विचार केला. “कोंबडीचंसुद्धा,” ते म्हणाले.

महिन्याभरात खुराड्याबाहेर रांग लागू लागली. एक कोंबडी नखांना गुलाबी रंग लावून परत आली. दुसरी दाण्यांकडे ढुंकून बघेना. तिला चहात बुडवलेल्या बिस्किटाची चटक लागली होती. तिसरीला टीव्ही लावल्याशिवाय झोप येईना. माळीदादा रोज बघायचे आणि डोक्याला हात लावायचे.

“काका, अहो ही शेतशाळा आहे का कोंबड्यांचं आजोळ?”

“पण मुलं शिकतायत, दादा. काल एकाने मला विचारलं, कोंबडीला दात नसतात तर ती दाणे दळते कुठे?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, माळीदादांना विचार.”

यावर माळीदादांना हसू आलं आणि तो विषय तिथेच राहिला. राहायला नको होता. कारण लवकरच तिसऱ्या मजल्यावरून पहाटे ‘कॉक-कॉक’ ऐकू येऊ लागलं, एका जिन्यात अंडं सापडलं, आणि ते ज्याला सापडलं त्याला ते पाय घसरल्यावर सापडलं. तक्रार गेली ती थेट समितीच्या अध्यक्षांकडे.

अध्यक्षांना सगळे ‘बाई’ म्हणत. निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर त्यांनी सहलीला मुलं नेली, बसमध्ये चढताना मोजली, उतरताना मोजली आणि एकही कधी कमी भरू दिलं नाही. त्यांनी फाटकावर नोटीस लावली: रविवारी सकाळी कोंबड्यांची मोजणी होईल. एक जरी कमी भरली तरी खुराडं बंद, आणि त्या जागेच्या वाहनतळाचा विषय त्याच संध्याकाळी समितीच्या बैठकीत.

खुराड्यात त्या घटकेला फक्त कोंबडा होता.

“आता?” माळीदादा म्हणाले. “खुराडं गेलं की मागोमाग वाफेही जातील. गाड्यांना बोट दिलं की हात धरतात.”

“परत मागवू या. सगळ्यांच्या घरी जातो मी.”

“तुम्ही? तुम्हाला तर पोस्टमनला हाक मारायलाही लाज वाटते.”

ते खरं होतं. काकांनी आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन काही परत मागितलं नव्हतं. लोकांनी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली पुस्तकंसुद्धा नाही. पण खुराडं बंद झालं तर मुलं येणार नाहीत, आणि मुलं आली नाहीत तर पुन्हा ते आणि पंखा. ते जिने चढू लागले.

पहिल्या घरी दार एका आजींनी उघडलं. कोंबडी त्यांच्या मांडीवर होती.

“नेऊ नका हो,” आजी म्हणाल्या. “माझं बोलणं ऐकून घेणारं घरात हे एकच आहे.”

“फक्त रविवारपर्यंत, आजी. मोजून झाली की पुन्हा देतो.”

“नक्की? सुनेसमोर सांगा.”

दुसऱ्या घरी वडील म्हणाले कोंबडी न्या, पण मुलगा नको म्हणाला. तिसऱ्या घरी मुलगा न्या म्हणाला, पण वडील रडायच्या बेतात आले. गुलाबी नखांची एका शिंप्याच्या दुकानात कापडाच्या ढिगावर मिळाली. टीव्हीवालीला मालिका संपेपर्यंत सोडायचं नाही, असं त्या घरी ठरलेलं होतं. काका मालिका संपेपर्यंत सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले आणि शेवटी त्यांनाही पुढे काय होणार याची काळजी लागली. शनिवारी संध्याकाळी खुराड्यात आठ कोंबड्या जमा होत्या.

नववी होती ‘मावशी’. सगळ्यात वयस्कर, सगळ्यात लठ्ठ आणि सगळ्यात शिष्ट. तिला नेलं होतं चष्मेवाल्या मुलीने.

“मावशी कुठेय गं?”

“मी पुढे दिली. एका मुलीला.”

“न विचारता? बरं, असू दे. कुणाला दिलीस?”

चष्मेवालीने चष्मा नीट केला.

“अगं, सांग की. उद्या मोजणी आहे.”

“कुणी काय नेलं ते सांगायचं नसतं,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणालात. कोंबडीचंसुद्धा.”

काकांचं अवघं आयुष्य त्या एका नियमावर उभं होतं आणि आज तो नियम त्यांच्यासमोर दोन वेण्या घालून उभा होता. “बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले आणि घरी गेले.

“अहो, बाजारातून एखादी आणून ठेवा ना,” जेवताना काकू म्हणाल्या. “नऊ म्हणजे नऊ. बाईंना काय कळतंय?”

“ते खोटं होईल गं.”

“मग काय करणार?”

“सांगून टाकणार. आठ आहेत, चूक माझी, मुलांची जागा घेऊ नका.”

“आणि ऐकतील बाई?”

“नाही,” काका म्हणाले आणि त्यांनी तोच घास पुन्हा आमटीत बुडवला.

रविवारी बाई आल्या. चेहरा नेहमीसारखा ताठ होता, पण माळीदादांना त्यांच्या हाताच्या पाठीवर दोनचार ताजे ओरखडे दिसले. बागकाम करत असतील, असं त्यांना वाटलं. जाळीच्या आत-बाहेर मुलं दाटीने उभी होती आणि विशेष म्हणजे कुणीही ओरडत नव्हतं. इतक्या शांततेची काकांना भीती वाटायला हवी होती, पण त्यांची आधीच पाचावर धारण बसलेली.

“बाई, मला आधी एक सांगायचंय...”

“आधी मोजणी,” बाई म्हणाल्या. “बोलणं नंतर.”

खुराड्याला पुढे एक छोटं दार होतं आणि मागे अंडी काढायची फळी. पुढच्या दारातून एकेक कोंबडी जाळीच्या अंगणात सोडायची आणि बाईंनी दाराशी उभं राहून मोजायचं, असं ठरलं. माळीदादांनी दार उचललं.

“एक,” बाई म्हणाल्या. गुलाबी नखांची बाहेर आली. “दोन. तीन.” टीव्हीवाली थोडी डुलत आली. “चार.”

अंगणात उभ्या असलेल्या चष्मेवालीने गुलाबी नखांची हळूच उचलली, फ्रॉकच्या घेरात घेतली आणि खुराड्याच्या मागे गेली. मागची फळी उघडली. मिटली.

काकांनी ते पाहिलं. रात्रभर मुलांनी डोकं चालवलं होतं तर! पण अडचण अशी होती की वसाहतीच्या दोन टोकांच्या मुलांनी ते वेगवेगळं चालवलं होतं आणि एकमेकांना सांगितलं नव्हतं. गुपित पोटात ठेवायचं हे दोन्हीकडे पक्कं शिकवलेलं. पलीकडच्या दोन जुळ्या भावांनी त्याच वेळी टीव्हीवालीला बनियनमध्ये घातलं आणि दुसऱ्या बाजूने फळीकडे सरकले.

“सात. आठ.” दारात पुन्हा गुलाबी नखं आली. बाईंची भुवई हलली. “नऊ.”

मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. माळीदादा दार खाली सोडणार, तेवढ्यात आतून टीव्हीवाली आणखी एकदा डुलत बाहेर आली आणि सवयीने समोर पडदा कुठे आहे ते पाहू लागली.

“दहा,” बाई म्हणाल्या.

मग कोंबडा आरवला. ते त्याचं काम नव्हतं, पण कुणीतरी काहीतरी बोलणं भाग होतं.

“नऊच्या दहा कशा झाल्या?” बाईंनी विचारलं.

“वाढतात, बाई,” माळीदादा म्हणाले. “शेती म्हणजे तेच. एकाचे दोन.”

“एका आठवड्यात पूर्ण वाढलेली?”

“खत चांगलंय आमचं.”

मुलं खो-खो हसली. काकांच्या तोंडून ‘श्शू’ निघालं, आणि या वेळी ते खरोखर गप्प बसायला सांगण्यासाठी होतं. बाईंनी मुलांना वाफ्यांकडे पाठवलं. माळीदादा पाण्याच्या टाकीआड गेले, म्हणजे जिथून नीट ऐकू येतं तिथे.

“दहा नाहीत,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

“नाहीत,” काका म्हणाले. “मुलांना रागावू नका, मला वाचवायला केलं त्यांनी. कोंबड्या घरी न्यायला मीच दिल्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाई. नऊ पण नाहीत.”

“माहीत आहे. आठ आहेत.”

काका पुढचं बोलायला गेले आणि थांबले. आठ आहेत हे त्यांनी अजून सांगितलंच नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

बाई कोंबड्याकडे पाहू लागल्या. शाळेत गृहपाठ न करता आलेलं मूल खिडकीबाहेर पाहतं, तसं.

“तुमच्याकडे मुदत वाढवून मिळते का?” त्यांनी विचारलं.

“मिळते. दुसऱ्या कुणी मागितली नसेल तर. का?”

“ती नोटीस लावून मी घरी गेले, आणि पाहते तर नातीने खोक्यातून हिला आणलेली. त्या लठ्ठ बाईला. म्हटलं, सकाळी गुपचूप पोचवते. तर सकाळी ही माझ्या खुर्चीत. अंडी उबवायला बसलीय. नातीने इथूनच नेलेली सात अंडी तिच्याखाली सरकवली आणि आता ती जागची हलत नाही. हात लावायला गेलं की...” बाईंनी हाताची पाठ दाखवली. “आज संध्याकाळची समितीची बैठक माझ्याच घरी आहे. त्याच खुर्चीत बसून मी बैठक चालवते.”

“मग आता?”

“आता काय? एकदा खुर्चीत बसलेल्याला कुणी उठवलंय का आजवर? बैठक पुढे ढकलली. ती उठेल तेव्हा.”

“आणि वाहनतळ?” टाकीआडून माळीदादांना राहवलं नाही.

“तोपर्यंत पिल्लं झालेली असतील,” बाई वर न बघता म्हणाल्या. “पिल्लं लहान असताना त्यांची जागा बदलता येत नाही ना?”

“छे!” माळीदादा म्हणाले. “मोठी होईस्तोवर तर मुळीच नाही. आणि ती मोठी होतात तोवर त्यांची पिल्लं...”

“कळलं.”

बाई जायला निघाल्या. काकांचा धीर झाला नसता, पण नियम तो नियम.

“बाई... उशिराचा दंड आहे. एक वाफा.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काका दोन पावलं मागे सरले. मग बाईंनी जाळीला अडकवलेलं खुरपं काढलं, गाजरांच्या वाफ्यापाशी जाऊन बसल्या आणि कामाला लागल्या. मुलं हळूहळू भोवती जमली. थोड्या वेळाने चष्मेवाली त्यांना गाजर कुठलं आणि तण कुठलं ते दाखवू लागली आणि बाई ‘हं, हं’ म्हणत राहिल्या. आवाज फार वाढला होता. काका तिथेच उभे होते, पण त्यांना श्शू म्हणायचं सुचलं नाही.

हात झटकत बाई उठल्या तेव्हा पुन्हा काकांजवळ आल्या.

“एक राहिलं. पिल्लं निघाली तर तीही परत करायची का?”

काकांनी नियम मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. नेलेलं परत न करणारे, पानं फाडून परत करणारे, भलतंच काहीतरी परत करणारे, सगळे त्यांनी पाहिले होते. पण एक नेऊन आठ परत करतो म्हणणारा वाचक त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता.