उखाण्याचं कुलूप

लेले अण्णा एटीएममध्ये शिरले की छत्री उघडतात. बाहेर मे महिन्याचं ऊन असो नाही तर पौषातलं धुकं, आत गेल्यावर छत्री उघडायची, मशीनवर अशी धरायची की स्वतःलासुद्धा आकडे दिसू नयेत, आणि मग चाचपडत पिन दाबायचा. तो हमखास चुकतो. मागे रांगेतले बनारसी लोक काय काय बोलतात ते मला इथे लिहिता येणार नाही. मी एकदा विचारलं, अण्णा, आत तुमच्याशिवाय असतं तरी कोण? तर म्हणाले, "वर कॅमेरा आहे ना! देव बघतो त्याचं काही नाही सूनबाई, तो कुणाला सांगत नाही. कॅमेऱ्याचा काय भरोसा?"

गल्लीतल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांना ते सूनबाईच म्हणतात. राजा घाटाच्या वरच्या अंगाला आमची नि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. मी नागपूरहून इथे लग्न करून आले तेव्हा अण्णा रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर माणसं पोथी धरतात, यांनी कॉम्प्युटर धरला. कुणी बोलावलं नाही, कुणी नेमलं नाही, तरी आमच्या वीसेक मराठी घरांच्या कॉम्प्युटरांची आणि मोबाइलांची काळजी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. दारात आले की नमस्कार-चमत्कार काही नाही, "अपडेट केलंत का?" हाच नमस्कार.

औषध एकच. बंद करा नि चालू करा. प्रिंटर अडला, बंद करा नि चालू करा. शेजारचे गुरुजी उचक्यांनी हैराण झाले, त्यांनाही झोपून उठायला सांगितलं, म्हणजे तेच. इंटरनेट गेलं तर मात्र पहिला प्रश्न, "स्विच लावलाय का?" आणि दुसरा, "छतावर बंदर आहे का?" हसू नका. आमच्याकडे तारेला झोका समजणारी माकडं आहेत, आणि दहातल्या आठ वेळा दोष त्यांचाच निघतो. कंपनीच्या माणसाला हे पटवायला अण्णांनी एका माकडाचा तारेसकट फोटो काढून पाठवला होता. त्यावर उत्तर आलं की ग्राहकाने आपली ओळख पटवावी.

सावधपणाचा अतिरेक म्हणजे किती, तर मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या फाइली उघडायच्या नाहीत, त्यातून चोर शिरतात, असं त्यांनी घरोघर जाऊन बजावलं. बरोबरच आहे ते. पण त्याच आठवड्यात त्यांच्या सख्ख्या भाच्याची पत्रिका आली, ती न उघडता त्यांनी पुसली आणि भाच्याचा नंबर ब्लॉक केला. लग्न लागलं, वरात निघाली, मामा घरी बसून सगळ्यांना फसवणुकीपासून सावध करत होते. भाचा अजून बोलत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पासवर्डांचं. अण्णांनी एकदा सगळ्या घरांचे पासवर्ड तपासले तेव्हा निम्म्यांचा "हरहरमहादेव१२३" निघाला. अण्णा कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "अहो, या एका किल्लीनं अख्खी काशी उघडेल!" दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तेज चढूनच. पासवर्ड लांब हवा, आपल्या लक्षात राहायला हवा आणि दुसऱ्याला सुचता कामा नये. मग मराठी बाईजवळ असं जन्मभर पाठ असलेलं काय असतं? उखाणा! प्रत्येकीनं आपला उखाणा इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा. कुणा चोराच्या बापाला सापडेल?

खरं सांगते, कल्पना झकास होती. माझा होता, "कचोरी-जिलेबी खाऊन होतो जीव शांत, आणायला उठत नाहीत आमचे श्रीकांत." टाइप करताना दर वेळी बरं वाटायचं. सहा महिने सगळं सुरळीत चाललं. आणि मग चैत्र आला.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू अण्णांच्याच घरी होतं. इथे उमाकाकूंबद्दल सांगायला हवं, म्हणजे अण्णांच्या बायकोबद्दल. काकूंच्या हातची आंब्याची डाळ खायला शिंदे घाटापासूनच्या बायका यायच्या. पण त्या वर्षी डाळीत मीठ दोनदा पडलं, पन्ह्यात एकदाही साखर नाही. काकूंचं विसरणं सुरू झालं होतं. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे थांबणार नाही, हळूहळू माणसंही विसरतील. मला दारात बघून काकूंनी हिंदीत विचारलं, "किससे मिलना है, बेटी?" आणि मग एकदम ओळखून माझ्या गालावरून हात फिरवला.

तर हळदीकुंकू. ओटी भरून झाली आणि कुणीतरी म्हणालं, नाव घ्या. नाव घ्या म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. आणि नवीन सुचतंय कुणाला! रोज टाइप करून करून ओठांवर तोच. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं, मीही घेतलं, अगदी ठसक्यात. आतल्या खोलीतून अण्णा दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आले. "बंद करा! अहो, बंद करा सगळ्या!" आम्हाला वाटलं, साप निघाला. मग एकेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. साऱ्या गल्लीच्या किल्ल्या चौरंगावर मांडून ठेवल्या होत्या आम्ही, हळदीकुंकू लावून.

दुसऱ्याच दिवशी एका वहिनींच्या खात्यावरून त्यांच्या सासूबाईंच्या फोटोखाली "किती सुंदर दिसता!" असं उमटलं. वहिनींनी ते लिहिलं नाही याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती, सासूबाईंच्या तर नव्हतीच.

अण्णांनी घरोघर फिरून सगळ्यांचे पासवर्ड बदलून दिले. फक्त एक सोडून. काकूंचा. त्याच हळदीकुंकवात काकूंनीही नाव घेतलं होतं, कुठेही न अडखळता: "घाटाच्या पायऱ्या उतरते जपून, वामनरावांचं नाव घेते पदराआड लपून." तोच त्यांचा पासवर्ड. मी अण्णांना चिडवलं, आम्हाला दमात घेता आणि स्वतःच्या घरी? ते म्हणाले, "तो बदलायचा नाही." एवढंच.

रोज पूजा झाली की अण्णा काकूंना कॉम्प्युटरसमोर बसवायचे. काकूंना त्यांच्या माहेरचे फोटो बघायचे असत. काकूंनी उखाणा म्हणायचा, अण्णांनी टाइप करायचा, मग फोटो. मला ते सहन होईना. आजारी बाईची रोज परीक्षा कसली घेता? एक दिवस मी तोंडावरच बोलले, तुमच्या त्या सुरक्षेपुढे तुम्हाला माणूस दिसतं की नाही?

अण्णा चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सूनबाई, मीठ विसरली, चालेल. घर विसरली तरी मी आहे, हात धरून आणीन. मी एवढंच बघतो रोज, की माझं नाव अजून आहे ना. ते ऐकलं की माझा दिवस चालू होतो. मला भीती वाटते हो." मी चहा टाकला.

श्रावणात मी पुरणपोळ्या घेऊन गेले तेव्हा काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. "घाटाच्या पायऱ्या उतरते जपून," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. अण्णांची बोटं कळफलकावर थांबली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, अगदी अदबीनं, आणि विचारलं, "आपलं नाव काय म्हणालात?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. अण्णांनी हात वर करून मला गप्प केलं. काकू ओशाळल्या, पदर चाचपायला लागल्या. तेव्हा अण्णा हसले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो."

मी पोळ्यांचा डबा तिथेच ठेवून घरी आले आणि मोरीत जाऊन रडले.

चार-सहा दिवस त्यांच्या खिडकीतून काही ऐकू आलं नाही. मग एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर अण्णांचा आवाज आला, सिग्नलवाल्यानं गाडीला हाक मारावी इतका मोठा. "काशीत येतात लोक सुखानं मरायला, उमा आहे घरात माझा हात धरायला!" आणि मागोमाग कळफलकाची टकटक. उभ्या आयुष्यात या माणसानं बायकोला अहो-जाहोशिवाय हाक मारली नव्हती. आमच्या पिढीनं तर काकूंचं नाव पहिल्यांदा त्यांच्या आजाराच्या कागदावर वाचलं.

आता रोजचंच झालं आहे. हा नवा पासवर्ड दूधवाल्याला माहीत आहे, शेजारच्या गुरुजींना माहीत आहे, माकडांनाही असेल. कुणी एका शब्दानं बोलत नाही. मी त्या वेळेला मुद्दाम गच्चीवर जाते. काकू कधी विचारतात, ही उमा कोण हो? कधी नुसत्याच ऐकतात. काल मात्र त्यांना काय झालं कोण जाणे, उखाणा संपला तशा त्या लाजल्या, नव्या नवरीसारख्या, आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, हळू. लोक ऐकतील."

अण्णा म्हणाले, "ऐकू देत."