ऑरविलचे तीन निरोप

ऑरविल प्रुइटचं चुकलं ते एवढंच, की निघायची तारीख त्यानं चारचौघांत सांगितली.

फ्लोरिडाच्या आमच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीत संसार थाटून राहणारी माणसं एक पथ्य पाळतात. कुठं जाणार ते सांगावं, नाहीतर कधी जाणार ते सांगावं, दोन्ही एकदम सांगू नये. वारा काही आपल्या सोयीनं वाहत नाही. ऑरविलला हे तोंडपाठ होतं. (त्याला सगळंच तोंडपाठ होतं. सहा वर्षं धक्क्याला बांधलेल्या बोटीवर बसून माणूस दुसरं करणार काय?) पण त्या संध्याकाळी धक्क्यावर मासे भाजणं चाललं होतं, हातात गार बिअर होती, आणि शेजारच्या बोटीवरचा गस, निवृत्त दंतवैद्य, दात काढण्याची सवय न सुटलेला, नेहमीसारखा म्हणाला, "काय कॅप्टन, बहामा यंदा की पुढच्या वर्षी?"

"येत्या मंगळवारी," ऑरविल म्हणाला.

मासा उलटता उलटता लोरेटाचा हात थांबला. बायकोला ही बातमी लोकांबरोबरच कळावी असा त्याचा बेत नव्हता, पण आता बोलून तर बसला होता.

बहामाचं बिमिनी बेट आमच्याकडून तसं हाकेच्या अंतरावर. पहाटे निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचावं. मधे फक्त गल्फ स्ट्रीम आहे, म्हणजे समुद्राच्या आतून उत्तरेकडे धावणारी दांडगी नदीच म्हणा. दक्षिणेचा वारा असला तर ती गरीब गाय. उत्तरेचा वारा सुटला की वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून अशी जुंपते, आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. लांबून त्या क्षितिजावर काळ्या ठिपक्यांच्या रांगेसारख्या दिसतात. आमच्याकडे त्यांना हत्ती म्हणतात. हत्ती चालताना दिसले की शहाण्यानं मागं फिरावं.

लोरेटाची एकच अट होती. बोटीवर ती डबी बसवायची, जी आपण कुठं आहोत ते सारखं आकाशात कळवत असते. म्हणजे बुडालोच तर कुठं बुडालो ते तरी कळेल. ऑरविलनं नुसती डबी बसवली नाही, तर धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांच्या फोनमध्ये तो नकाशा स्वतःच्या हातानं घालून दिला. "हा हिरवा त्रिकोण म्हणजे आम्ही," तो शाळेतल्यासारखं समजावून सांगे (तीस वर्षं उपमुख्याध्यापक होता). "घरबसल्या बघा, आम्ही कसे समुद्र कापत चाललो ते."

निरोपाच्या पार्टीला पलीकडच्या बोटीवरच्या डॉटीनं केक केला. डॉटी नवऱ्यामागे एकटीच राहायची आणि साऱ्या धक्क्याला जेवू घालायची. केकवर लिहिलं होतं, 'शुभ प्रवास, ऑरविल आणि लोरेटा'. लोकांनी मिठ्या मारल्या, कुणी टोपी दिली, कुणी मासे धरायचा गळ दिला. मंगळवारी उत्तरेचा वारा सुटला.

मग रविवारची तारीख ठरली आणि पुढच्या आठवड्यात दुसरी पार्टी झाली. केकवर होतं, 'पुन्हा शुभ प्रवास'. मिठ्या जरा सैल होत्या. त्या रविवारीही उत्तरेचाच वारा. गळ देणाऱ्यानं सहज विचारलं, "नाहीतरी इथंच आहेस, तर गळ दोन दिवस वापरू का?"

तिसऱ्या केकवर डॉटीनं एकच शब्द लिहिला होता. 'जा.'

आता सांगा, यानंतर माणसानं धक्क्यावर तोंड दाखवायचं कसं? ऑरविल धक्क्यावरच्या सामाईक न्हाणीघरात जायला सगळे जेवायला बसायची वाट बघू लागला. शुक्रवारी सकाळी हवामानवाल्यांनी सांगितलं की वारा उत्तरेचा आहे, पण पडत चालला आहे. त्यातलं 'पण'च्या पुढचं तेवढं ऑरविलनं ऐकलं.

"आपण निघतोय," तो म्हणाला.

"वारा कुठला?" लोरेटानं विचारलं.

"पडतोय."

"मी कुठला विचारलं. कसा ते नाही."

पण दोऱ्या सुटल्या होत्या. धक्क्यावर गस कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्यानं हात हलवला नाही, नुसती भुवई वर केली. ती भुवई ऑरविलला भर समुद्रातही दिसत राहिली.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग बोटीनं नाक वर केलं, थोडं थांबली आणि धाडकन खाली आली. खालच्या खोलीत कपाटाचं दार उघडलं आणि महिन्याभराचे डबे गडगडत सुटले. ऑरविलनं सुकाणू दोन्ही हातांनी धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती. लोरेटा पायऱ्यांवर उभी राहून पूर्वेकडं बघत होती.

"ऑरविल, ते हत्ती आहेत."

"ढग आहेत ते."

"ढग खालीवर होत नाहीत."

त्यानं पाहिलं. क्षितिजाची रेघ सरळ राहिली नव्हती. करवतीसारखी दातेरी झाली होती आणि ते दाते चालत होते. पुस्तकात या लाटांवर अख्खं प्रकरण होतं, त्याखाली त्यानं लाल रेघाही मारल्या होत्या, पण पुस्तकातल्या लाटांना आवाज नव्हता. पुढची लाट बोटीवरून गेली आणि दोघंही गळ्यापर्यंत भिजली.

"मागं फिरलो तर गस काय म्हणेल?" तो ओरडला.

"गस काय म्हणेल ते ऐकायला आपण जिवंत असू," लोरेटा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ थरथरत होते. चाळीस वर्षांच्या संसारात तिला घाबरलेलं त्यानं दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा दोष त्याचाच होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

दोन लाटांच्या मधली जागा हेरून त्यानं बोट वळवली. वळताना ती इतकी कलंडली की शिडाचं टोक पाण्याला टेकतंय असं वाटलं. लोरेटानं डोळे मिटले. त्यानं मिटले नाहीत, पण मिटायची फार इच्छा होती. मग बोट सावरली, वारा पाठीशी आला, आणि तासाभरात दोघं खाडीच्या सपाट पाण्यात होती. अंगाखांद्यावर टोमॅटोचा सॉस होता, एक डबा फुटला होता.

आता उजवीकडं वळलं की धक्का. ऑरविल डावीकडं वळला.

"कुठं चाललास?"

"खारफुटीत. आजचा दिवस. कपडे वाळवू, डबे आवरू, मग बघू."

लोरेटानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग ती खाली जाऊन डबे गोळा करू लागली.

खारफुटीतली ती खाडी धक्क्यापासून फार तर तीन मैल. दोन्ही बाजूंना खारफुटीची दाट झाडी, मधे चहाच्या रंगाचं पाणी, आणि आमच्याकडचे डास, ज्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. संध्याकाळी डॉटीचा निरोप आला. 'पोचलात का? काळजी लागलीय.'

ऑरविल फोन हातात धरून बसला. खरं लिहावं तर चौथा केक. खोटं लिहावं तर एकच शब्द. त्यानं लिहिलं, 'पोचलो.'

"हे बरोबर नाही," लोरेटा म्हणाली.

"दोन दिवसांत खरंच पोचू की. मग ते खोटं कुठं राहिलं?" (असं शाळेतल्या मुलानं म्हटलं असतं तर ऑरविलनं त्याला दिवसभर उभं केलं असतं.)

पण एका शब्दावर कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी गसनं विचारलं, 'पाणी कसं आहे?' ऑरविलनं चहाच्या पाण्याकडं बघत लिहिलं, 'काचेसारखं. नांगर दिसतो.' तिसऱ्या दिवशी विचारलं, 'जेवायला काय?' खाली लोरेटा एका चेपलेल्या डब्यातल्या घेवड्याच्या बिया गरम करत होती. त्यानं लिहिलं, 'लॉब्स्टर.' बहामाच्या हद्दीत शिरताना लावतात तो पिवळा झेंडा वर चढवून, मागची झाडं येणार नाहीत अशा बेतानं त्यानं फोटोही काढला. उत्तर लगेच आलं. 'वा. आम्हालाही आल्यासारखं वाटतंय.'

"माझं नाव त्यात घालू नकोस," लोरेटा म्हणाली. "मी अजून फ्लोरिडात आहे."

त्या दुपारी इंजिनाचा आवाज आला. छोट्या रबरी बोटीचं इंजिन, आणि ते जवळ जवळ येत होतं. ऑरविलनं लोरेटाचा दंड धरून तिला खाली ओढलं, खिडक्यांचे पडदे लावले आणि दोघं जमिनीवर आडवी झाली. आत भट्टी पेटली होती. एक डास ऑरविलच्या नाकावर बसला, सावकाश, भाडेकरूसारखा. त्यानं मारला नाही. इंजिन बंद झालं. बोटीच्या अंगावर तीन टकटक झाल्या.

"ऑरविल," गसचा आवाज आला. "बाहेर ये. सूप गार होतंय."

कुणी हललं नाही.

"लोरेटा, बाई, तू तरी ये," डॉटी म्हणाली. "लॉब्स्टर खाऊन कंटाळली असशील."

लोरेटा उठली, पदरचा सगळा मान गोळा करून पायऱ्या चढली आणि सूप घेतलं. ऑरविललाही मागोमाग यावं लागलं. हातपाय सुजलेले, नाकावर गांधी उठलेली.

"बिमिनी छान आहे," गस इकडंतिकडं बघत म्हणाला. "झाडं मात्र अगदी आपल्याकडच्यासारखी."

"तुम्हाला कसं कळलं?" ऑरविलनं विचारलं.

गसनं खिशातून फोन काढून समोर धरला. नकाशावर खारफुटीच्या बरोबर मधोमध एक हिरवा त्रिकोण बसला होता. "तूच घालून दिलास. आम्ही रोज बघतो. पहिल्या दिवशी तू खाडीतून बाहेर पडलास तेव्हा अख्खा धक्का श्वास रोखून बसला होता. तू वळलास तेव्हा डॉटी रडली."

"रडले नाही," डॉटी म्हणाली. "शिव्या दिल्या."

"मग विचारत कशाला होता, पाणी कसं आणि जेवण काय?"

"तू किती लांबवतोस ते बघायला," गस म्हणाला. मग त्याचा आवाज जरा बदलला. "मागं फिरलास ते चांगलं केलंस. गुरुवारी वारा दक्षिणेचा होतोय. तेव्हा जा."

टोमण्यापेक्षा चांगुलपणानं माणूस जास्त मरतो. ती दोघं दिसेनाशी होताच ऑरविल खाली गेला, त्या डबीची वायर कापली आणि डबी खाडीत फेकून दिली.

"ती माझी अट होती," लोरेटा म्हणाली.

"गुरुवारी हवा चांगली आहे. आणि मला कुणी बघायला नको."

गुरुवारी खरंच दक्षिणेचा वारा आला, हळुवार, उबदार. समुद्र निवांत होता. पाण्याचा रंग हिरव्याचा गडद निळा झाला आणि मग, दुपार कलताना, असा फिकट निळा झाला की ऑरविलनं वाकून पाहिलं तर खरंच नांगर दिसत होता. लोरेटानं त्याचा हात धरला. पिवळा झेंडा पुन्हा वर गेला, या वेळी हक्कानं. बंदरातल्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारला, तेव्हा ऑरविलचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत. सहा वर्षं, तीन केक. पोचला होता.

त्यानं फोटो काढले. निळं पाणी, गुलाबी रंगाचं कस्टमचं ऑफिस, शिक्का मारलेला पासपोर्ट, झेंड्याखाली हसणारी लोरेटा. सगळ्यांना पाठवले आणि खाली लिहिलं, 'पोचलो. या वेळी खरंच.'

उत्तर यायला वेळ लागला. मग डॉटीचा निरोप आला.

'फोटो फार सुंदर. पासपोर्टचा तर अगदी खरा वाटतो, लोरेटानं रंगवला का? नकाशावर त्रिकोण दिसत नाही, म्हणून गस सूप घेऊन खाडीत तुम्हाला शोधतोय. कुठल्या झाडामागं आहात तेवढं सांगा, डास फार चावतायत त्याला. आणि चौथा केक करून ठेवलाय. यावर अजून काहीच लिहिलेलं नाही. तू खरंच गेलास, की लिहीन.'