सात पात्यांचा पंचनामा

२०११ सालचा पौष महिना, रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ठिकाण, बिरसीच्या विमानतळाचं कुंपण. हजर: बिसेनकाका, मी आणि माझी स्कूटर. पुढे जे घडलं त्यात शहाण्यासारखी वागली ती फक्त स्कूटर.

बिसेनकाका कुडव्याला माझ्या शेजारी एकटेच राहतात. एकतीस वर्षं तलाठी होते. निवृत्तीनंतर धानाच्या नुकसानीचे पंचनामे संपले, तेव्हा ते विमानांचे पंचनामे करू लागले. वरून विमान गेलं की वहीत तारीख, वेळ, दिशा आणि खाली पंचाची सही. पंच मी. राईस मिलमध्ये हिशेब लिहितो, आकड्याचा पक्का म्हणून माझा लौकिक आहे. तो बहुतेक मीच पसरवला असावा.

"पंचाबिगर पंचनामा नाही, न् खाडाखोड तर नाहीच नाही," हे काकांचं पालुपद. एकटे असताना दिसलेलं विमान त्यांच्या लेखी उडालेलंच नसे.

त्या रविवारी छतावरून काहीतरी धडधडत खाली खाली गेलं. काका सदऱ्याची बटणं लावत माझ्या दारात.

"बाबू, काढा गाडी. हे आपल्या देशाचं नोहे."

खरंच नव्हतं. राखाडी, अवाढव्य, परदेशी लष्कराचं हेलिकॉप्टर धावपट्टीच्या कडेला पंखा थांबवून उभं होतं. शेपटीवर अनोळखी झेंडा. इटियाडोह धरणात देवमासा दिसावा तसं.

काकांनी वही काढली. "पाती सात."

"सहा," मी म्हणालो.

"सात जी. डोळे हायेत का भोकं?"

"दोनदा मोजली."

"मंग तिसऱ्यांदा मोजा. तुमच्या मिलचे पोते नोहेत ते."

मोजली. सहाच. "चुकीच्या आकड्याखाली मी सही करत नाही," असं मी इतक्या बाणेदारपणे म्हणालो, की पहारेकऱ्यानं येऊन दोघांनाही हाकललं. परतताना मागच्या सीटवरून शब्द आला नाही. पुढचे आठ महिनेही आला नाही.

भाद्रपदात एका तेरवीला कामठ्याला गेलो होतो. येताना कुंपणापाशी थांबलो, त्याच जागी उभा राहिलो. नाकासमोर लोखंडी खांब होता. एक पातं आरामात झाकेल एवढा. काका तेव्हा माझ्याहून दोन हात बाजूला उभे होते.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. "काका, एक सही राहिली आहे."

त्यांनी वही दिली. त्या पानावर 'सात' खोडून वर 'सहा' लिहिलं होतं. शेजारी बारीक सही आणि तारीख, आमच्या भांडणानंतर तिसऱ्या दिवसाची. पुढची पानं कोरी.

"काऊन काका, आठ महिन्यांत एकही विमान नाही गेलं?"

"गेले ना. रोज जाऊन राहिले." काका अंगणाकडे पाहत होते. "पंच कोठून आणू?"

खांबाची गोष्ट जिभेवर आली होती, ती गिळली. 'सहा'खाली सही केली.

चहा एकट्यापुरताच टाकलेला होता. पंचाचा भत्ता म्हणून त्यातला अर्धा मला मिळाला.