बियाण्याच्या कोठीतला पाव्हणा

धनाजी निगडे नसरापूरहून पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, तेव्हा त्याची पत्र्याची पेटी अंगणात पालथी पडली होती आणि तिच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. पालथ्या पेटीत काही राहत नाही एवढं धनाजीला कळत होतं. तरी त्यानं ती उचलून आत बघितलंच.

"मंगल! ह्यातलं सामान कुठाय?"

"नदीवर," ओसरीवरून त्याची बायको म्हणाली. "वाळत घातलंय. गोधड्यांच्या शेजारी."

"वाळत?"

"मग वलंच घिऊन येऊ व्हय?"

घट बसायला दोन दिवस राहिले होते आणि सगळं वरवे बुद्रुक दसरा काढत होतं. घट बसायच्या आत घरातली प्रत्येक चीजवस्तू पाण्यातून निघाली पाहिजे, हा धनाजीच्या आईचा, धोंडाबाईंचा, कायदा होता. त्यावर अपील नव्हतं. गोधड्या, वाकळा, भांडी, पाटे, कुलपं, सगळं नदीवर जायचं. पेटी एवढी वर्षं माळ्यावर होती म्हणून सुटली होती. यंदा धनाजीनं स्वतःच ती खाली काढून ठेवली होती.

पेटीत त्याची जिंदगी होती. व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. टीव्हीला डबा जोडायचा, डब्यात कॅसेट खुपसायची, चाललं नाही तर काढून फुंकर मारायची, असा तो जमाना. दहावी गाळात गेल्यावर धनाजीनं नसरापूरच्या बाजारात गेमचं दुकान टाकलं. तिकडं वेल्ह्यापासून इकडं सारोळ्यापर्यंतची पोरं तिथं शाळा बुडवायला यायची. पोरांचे बाप त्याला 'गेम्या' म्हणायचे आणि त्यात कौतुक नसायचं. पुढं घराघरात मोबाईल आले, दुकान बसलं, धनाजी टेम्पो चालवू लागला. पण एकही कॅसेट त्यानं मोडीत घातली नाही. आजूबाजूची गेमची दुकानं बंद पडली, त्यांच्याही कॅसेटी उचलून आणल्या. का आणल्या, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

विचारणारं माणूस आता भेटलं होतं. पुण्यात जुने व्हिडिओ गेम जपून ठेवणारं एक संग्रहालय निघालं होतं आणि तिथल्या स्नेहलबाई आज दुपारी पेटी न्यायला येणार होत्या. भिंतीवर पाटी लागणार होती: 'श्री. धनाजी सावळाराम निगडे संग्रह'. गेम्याचा श्रीयुत व्हायला फक्त दुपार उलटायची खोटी होती.

"कॅसेटी आमच्याकडे बऱ्याच आहेत," बाईंनी फोनवर सांगितलं होतं. "पण तुमच्या कॅसेटींवर पोरांनी ठेवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या आहेत ना, तशा कुठंच नाहीत. पुढच्या पिढ्यांना कळायला हवं, इथली मुलं हे खेळ कसे खेळायची. कशाला हात लावू नका. धूळसुद्धा राहू द्या."

चिठ्ठ्या म्हणजे वहीच्या कागदाचे कपटे. दुकानातल्या पोरांना इंग्रजी नावं वाचता येत नसत, म्हणून धनाजीनं आपली नावं लिहून चिकटवली होती. 'रणगाडा', 'येडी बदकं', 'दोन भाऊ एक दुश्मन'. आणि चिकटवली कशानं? भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यातल्या माणसाला डिंक विकत आणायची लाज वाटते. भाताची शितं लावून.

धनाजी नदीकडं पळाला. कॅसेटी खडकावर ओळीनं वाळत होत्या, शाळेतली पोरं बसवावीत तशा. धुऊन लख्ख झाल्या होत्या. शेजारी हरिबाची शेळी उभी होती आणि शांतपणे रवंथ करत होती. तिच्या ओठाला कागदाचा एक तुकडा लोंबत होता. धनाजी पोचेपर्यंत तिनं तोही आत घेतला.

"हरिबा! तुझ्या शेळीनं माझं नाव खाल्लं!"

सावलीत बसलेल्या हरिबानं मान वळवली. "भाताचा वास आला आसंल. त्यात तिची काय चूक?"

कॅसेटी पोत्यात भरून धनाजी घरी आला. एव्हाना आईला कुणीतरी बातमी दिली होती.

"मला काय म्हाईत?" धोंडाबाई म्हणाल्या. "पुण्याची बाई बघाया येणार म्हन्लास. पोरगी बघाया आलं तरी तोंड धुतूच की तिचं."

धनाजीनं वेगळा मार्ग काढला. चिठ्ठ्या नव्या लिहायच्या आणि चहाच्या पाण्यानं जुन्या करायच्या. मंगलनं भात टाकला. अडचण एकच होती. बऱ्याच कॅसेटींवरचे मूळचे छापील कागदही शेळीच्या पोटात गेले होते आणि कुठल्या कॅसेटीत काय आहे, हे लावून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. गेमचा डबा माळ्यावरच राहिल्यानं वाचला होता, पण तो जोडायला जुना, मोठ्या पाठीचा टीव्ही हवा होता. गावात तसा चालू टीव्ही एकाच जागी उरला होता, कुंडलिकच्या पिठाच्या गिरणीत.

धनाजी आणि कुंडलिक एका बाकावर शिकलेले. दहावीच्या वर्षी धनाजीची लाडकी कॅसेट नाहीशी झाली. 'उडता पाव्हणा' तिचं नाव, दुकानाच्याही आधी, शाळेत असतानाच त्यानं लिहून चिकटवलेलं. ती कुंडलिकनं चोरली असं धनाजीनं भर वर्गात सांगितलं. तेव्हापासून दोघं लग्नात भेटले तरी तिसऱ्याला मध्ये घालून बोलत. धनाजी दळण टेम्पोत घालून दुसऱ्या गावाला न्यायचा.

आज तो पोतं घेऊन गिरणीच्या दारात उभा राहिला.

"कुंडल्या, टीव्ही पायजे."

कुंडलिकनं गिरणी बंद केली. एवढ्या वर्षांनी आपलं नाव ऐकताना पट्ट्याची घरघर मध्ये नको होती त्याला.

"आदी म्हन, कुंडलिकनं कॅसेट चोरली न्हवती."

"चोरलीस आसं आज म्हनत न्हाई. बास?"

"आज न्हाई म्हनजे? उद्या म्हननार व्हय?"

"उद्याचं उद्या बगू. बाई यायला लागलीय रं!"

कुंडलिकनं टीव्हीवरचं पीठ झटकलं आणि तो स्वतः उचलून धनाजीच्या ओसरीवर आणला. माणूस दुखावलेला होता, पण गेम लागणार म्हटल्यावर त्याचे हात शिवशिवत होते.

पहिली कॅसेट लावली. चालली. दुसरीही चालली. इतक्या वर्षांची घाण निघाल्यामुळं एकीलाही फुंकर मारावी लागली नाही. त्याबद्दल धुणाऱ्या मंगलला कुणी शाबासकी दिली नाही. चित्र आलं की धनाजी नाव लिहायचा, मंगल शितं लावायची आणि कुंडलिक भांडायचा.

"ही येडी बदकं न्हवं, खुळी बदकं."

"दुकान माझं का तुझं?"

"बदकं बगून खुळी हाईत का येडी, कुनाला बी कळतंय. आन सोड की ती गेमची काठी, एक डाव मला खेळू दी."

गाडी दारात कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही. स्नेहलबाई पायरीवर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात एक कॅसेट होती. चिठ्ठीचं शीत अजून ओलं होतं. बोट लागताच चिठ्ठी निसटली. बाईंनी ती उलटी केली. मागं धनाजीच्या मुलीचा, प्रगतीचा, गृहपाठ होता.

"'मोबाईल: शाप की वरदान'," बाईंनी वाचलं. "निगडे, हे तुमच्या दुकानाच्या काळातलं?"

धनाजी खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं सगळं सांगितलं. नदी, शितं, शेळी. मग त्यानं कॅसेटी बाईंपुढं सरकवल्या. "बाई, पाटी नका लावू. पन ह्या घिऊन जावा. हितं ऱ्हायल्या तर माझ्यामागं कोन बगनार ह्यास्नी?"

बाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "नेते ना. एकही जुनी चिठ्ठी नाही उरली?"

धोंडाबाई उठल्या, आत गेल्या. आतून बियाण्याच्या कोठीचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग भातात हात घातल्याचा. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पदरात कडुलिंबाचा वाळलेला पाला होता आणि पाल्यात फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट. वहीचा कागद, निळी शाई, धनाजीचं शाळेतलं अक्षर: 'उडता पाव्हणा'.

कुंडलिक हातातली काठी टाकून उठला. "बघ! बघ रं धन्या! म्या न्हवतो!"

स्नेहलबाईंनी हातमोजे चढवले आणि कॅसेट उन्हात धरली. "आजी, ओल नाही, कीड नाही, कागद जसाच्या तसा. आमच्याकडे गार खोलीतसुद्धा इतकी चांगली एक नाही. हे तुम्ही पुढच्या पिढीसाठी जपलंत?"

"कसली पिढी? ह्यो मुडदा आब्यास करत न्हवता म्हनून लपीवली. दर साली बियानं बदललं, पाला बदलला, तिला तिथंच ठिवली. म्हन्लं, दहावी पास झाला की दिऊ."

"मग आज द्या ना! निगडे संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू होईल ही."

धोंडाबाईंनी कॅसेट बाईंच्या हातातून अलगद काढून घेतली. "झाला का त्यो पास?"

मंगलनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "मला तर लग्नात दहावी पास सांगितलं व्हतं."

स्नेहलबाई पेटी घेऊन पुण्याला गेल्या. पाटी लागली. पाटीखालच्या कपाटात कॅसेटी मांडल्यात, शेजारी गृहपाठाची चिठ्ठीही आहे आणि पहिल्या खणात एक मोकळी जागा सोडलेली आहे. जागा कशाची, असं बघायला येणारी पोरं विचारतात. वस्तू मार्चच्या दहावीचा निकाल लागल्यावर येईल, असं त्यांना सांगतात.

धनाजीनं बाहेरून दहावीला बसायचा अर्ज भरलाय. टेम्पोत स्टिअरिंगपुढं गणिताचं पुस्तक असतं. संध्याकाळी गिरणी बंद झाली की कुंडलिक त्याला भूमिती शिकवतो. शिकवणी फुकट आहे. फक्त रोज वही उघडायच्या आधी धनाजीला उभं राहून, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणावं लागतं, "कुंडलिकनं कॅसेट चोरली न्हवती."

एकदा त्यानं आईला हळूच विचारून बघितलं, "आये, गनित सोडून बाकीच्यात पास झालो तर?"

धोंडाबाई कोठीत नवा पाला घालत होत्या. "मग पाव्हन्याचा नुसता ह्यो पाला दीन," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.