तात्यांचा चौथा कागद

आमचे तात्या खिडकीतून कधी बाहेर बघत नसत. काचेवर एकावर एक पातळ कागद चिकटवायचे आणि मागच्या उजेडात त्यांतून आरपार बघत बसायचे. माझे हे चुलते साताऱ्याला मोजणीच्या ऑफिसात नकाशे गिरवायला होते. काकू गेल्या, नोकरी संपली आणि ते वडूजजवळच्या आमच्या गावी एकटेच राहायला आले.

"एक कागद म्हंजे नुस्ती चुगली," ते म्हणत. "तीन एकावर एक ठिव, मग जमीन खरं बोलती."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सांगलीहून मोठ्या ऐटीत सांगायला आलो: मुलगी शिकलेली, घर चांगलं, स्वभाव शांत.

"तिचं तीनी कागद झ्याक हायत," तात्या म्हणाले. "पर तुजा एक तरी त्यास्नी दावलास का रं?"

बायको हा प्रश्न अजून मला ऐकवते.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावाला विहीर मंजूर झाली. जागा तात्यांनी सुचवायची; मीही तेव्हा रजेवर गावी होतो. एका कागदावर माती, दुसऱ्यावर आसपासच्या विहिरींचं पाणी, तिसऱ्यावर मालकी. कोपऱ्याला कोपरा जुळवून प्रत्येक तुकड्याची तिन्ही उत्तरं ते वहीत उतरवत गेले. शेवटी मुरमाचे, गोड पाण्याजवळचे आणि पंचायतीच्या मालकीचे दोनच तुकडे उरले. एक वरच्या आळीत, एक खालच्या.

सरपंच वरच्या आळीचे. "आवं तात्या, तुमचंबी घर वरच हाय. गुडघं तुमचंच दुकत्यात न्हवं?"

"दमा जरा. आजून एक कागद काडतो."

दोन दिवस काठी टेकत तात्या दारोदार हिंडले. मग चावडीत येऊन ठिपक्यांचा नवा कागद पसरला आणि म्हणाले, "खालच्या आळीत काडा."

"का म्हून?" सरपंच भडकले.

"घरात एकलंच म्हातारं माणूस, पाणी आणायला दुसरं कुणी न्हाई, आशी घरं हायत ही. वर चार, खाली पाच."

"एका घरासाटनं?"

"व्हय. एका घरासाटनं."

सरपंच पुटपुटले, पण सही केली.

घरी आल्यावर मी तो चौथा कागद काचेवर धरला. वरच्या आळीत एक ठिपका खोडलेला दिसला. घर तात्यांचं.

"तात्या, हा धरला असता तर पाच-पाच झाले असते."

"त्यो मोजायचा न्हाई," म्हणत त्यांनी कागद काढून घेतला, गुंडाळला, दोरा फिरवला. गाठ मारताना दोऱ्यावर बोट ठेवायला दुसरं माणूस लागतं. त्यांनी दोनदा एकट्यानंच करून बघितलं.

मी बोट ठेवलं.